किनूचं अलवण

विधवेचं तांबडं अलवण धुताना पाण्यात मूठभर मीठ टाकावं, म्हणजे रंग उतरत नाही. हे मला नाटकात आल्यावर कळलं. आमच्या घरात तोवर अलवण नेसणारं कुणी उरलं नव्हतं.

•

जपानमध्ये नाटकातली माणसं कामावर भेटली की एकमेकांना सुप्रभात म्हणतात. बाहेर दिवेलागण झालेली असली तरी.

•

चेहऱ्याला पांढरा रंग फासला की घाम दिसत नाही. तो आतल्या आत साचतो आणि कानामागून उतरतो.

•

टोकियोच्या टेलिव्हिजनला एक बाई हवी होती. साडी नेसणारी, कपाळाला कुंकू लावणारी, दारात हात जोडून उभी राहणारी.

•

देवरुखात त्या काळी पुष्कळशा बायका रात्रीच्या नाटकाला येत नसत. त्यांच्यासाठी दुपारचा प्रयोग ठेवायचा.

•

मी चव्वेचाळीस वर्षांची होते, आणि मी नवी नवरी झाले होते.

•

बापू आगटे दाढी करत असताना त्यांच्याशी कुणी बोलू नये, असा आमच्या कंपनीत अलिखित नियम होता. कंपनी त्यांची, नाटक त्यांनी बसवलेलं, बस त्यांनी ठरवलेली. दाढी तेवढी त्यांची एकट्याची. त्या सकाळी देवरुखच्या लॉजच्या मागच्या पडवीत त्यांनी खांबाला आरसा टांगला होता, आणि किनू त्यांच्यामागे जाऊन उभी राहिली. मी पायरीवर चहा पीत बसले होते.

"बापू, मला बोलायचं आहे."

"बोल. हसवू नकोस. वस्तरा गळ्यावर आहे."

"आज दुपारी मी आत्या करते."

बापूंनी वस्तरा खाली घेतला. आरशातूनच त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कारण आत्या मी होते. तीन वर्षं मीच होते.

नाटकाचं नाव 'सूर्याकडची सून'. कोकणातला एक मुलगा शिकायला जपानला जातो आणि बायको घेऊन परततो. घरात सोवळ्यातली विधवा आत्या. ती दोन अंक त्या सुनेच्या हातचं पाणी घेत नाही, आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी घेते. एवढंच नाटक. ती सून, हानाको, म्हणजे किनुए हिरोसे. आम्ही सगळे तिला किनू म्हणायचो. ती ओसाकाची. तिथल्या एका लहानशा नाटकमंडळीत कामं करायची, संस्कृत नाटकं शिकायला म्हणून पुण्यात आली आणि हौशी स्पर्धेत एका मराठी एकांकिकेत उभी राहिली. ते बापूंनी पाहिलं आणि तिच्यासाठी नाटक लिहवून घेतलं. जाहिरातीत तिचं नाव खाली बारीक असायचं, वर ठळक अक्षरांत 'खरीखुरी जपानी नटी'.

"आणि हानाको कोण करणार?" बापूंनी विचारलं. "लोक जपानीण बघायला येतात, बाई. प्रयोग घेणाऱ्या दाजी पाध्यांनी गावभर कर्णा फिरवलाय."

"शरयूताई करतील."

"ही?"

"बापू," मी म्हटलं, "हसायचं काम नाही."

"मी हसत नाहीये. मला रडू येतंय. ही किमोनो घालणार? हिला ओटीवरून अंगणात उतरायचं तर दोन माणसं लागतात."

किनू हसली नाही. ती थकलेली दिसत होती, आणि ते घाटातल्या बसने आलेलं थकणं नव्हतं. गेले सहा महिने ती तशीच दिसत होती.

"टोकियोहून बोलावणं आलं आहे, तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "तिथे मला हिंदुस्थानी बाई करायची आहे. वर्षभर. साडी नेसून. इथे मी जपानी बाई, तिथे मी हिंदुस्थानी बाई. नटी कुठे आहे? मला एकदा बघायचं आहे. आज दुपारी आत्या द्या. नाही दिलीत तर पुण्याला गेल्यावर मी होकार कळवते."

"आणि दिली तर?"

"तर बघू."

बापूंनी वस्तरा पाण्यात बुडवला, झटकला. ते वाईट नव्हते. आमची चौदा माणसांची चूल तिच्या किमोनोवर पेटत होती, हे त्यांना माहीत होतं, आणि तिलाही माहीत होतं.

"दुपारीच ना? बायकांचाच प्रयोग ना?" ते आरशाला म्हणाले. "करा जा. बायकांना काय कळतंय. पण बाहेर अवाक्षर काढायचं नाही. रात्री जिकडची तिकडे."

•

किनूचं मराठी कसं होतं, ते सांगायला हवं. चांगलं होतं. मंडईत ती कोथिंबिरीबरोबर कढीलिंब फुकट मिळावा म्हणून भांडायची. माझ्या सासूशी बोलताना 'अहो' म्हणायची आणि माझ्या नवऱ्याला तोंडावर 'भाऊजी, तुम्ही अगदी आळशी' म्हणायची. पण नाटककाराने हानाकोला मोडकं मराठी लिहिलं होतं. 'मी पाणी आणतो का? आत्या रागावला का?' अशा वाक्यांवर थिएटर लोटपोट व्हायचं. म्हणून किनू घरी बसून चुका पाठ करायची. एखाद्या प्रयोगात चुकून तिच्या तोंडून नीट वाक्य गेलं की बापू विंगेत गाठायचे, "किनू, आज फार शुद्ध बोललीस. लोकांना मजा येत नाही."

ती मान लवून माफी मागायची. नीट बोलल्याबद्दल.

•

रंगपट म्हणजे शाळेच्या पटांगणाला लागून असलेली एक खोली, मध्ये चादर बांधून दोन भाग केलेली. पलीकडे पुरुष. अलीकडे आम्ही दोघी, एकमेकींना नेसवत.

तिने मला आधी घेतलं. कमरेचा तो रुंद पट्टा, त्याला ओबी म्हणतात, तो तिने गुडघा माझ्या पाठीला लावून आवळला.

"किनू, मी जेवले आहे गं!"

"ताई, पोट आत."

"जिथे जायचं तिथे गेलंय ते आधीच."

"पावलं लहान. गुडघे सोडायचे नाहीत. आणि हसताना हात तोंडापुढे."

"तू घरी कुठे हसतेस हात पुढे धरून? फिदीफिदी हसतेस."

"मी नाही. हानाको हसते." मग ती थोडं थांबून म्हणाली, "माझी आई पण हसायची नाही हात धरून. ती बाजारात मासे विकायची."

हे मला तीन वर्षांत माहीत नव्हतं.

मग मी तिला नेसवलं. अलवण कपाळावर ओढून घेतलं, कानामागून खोचलं, माझा जाड काळ्या काड्यांचा चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवून मागे दोऱ्याने बांधला. गालांवर, हनुवटीवर सुरकुत्या ओढल्या. हात राहिले. हात तरुण दिसतात, हे पोरी विसरतात. मी तिच्या हातांच्या शिरा काळ्या पेन्सिलीने काढत होते आणि ती संवाद पुटपुटत होती. सगळे पाठ होते. तीन वर्षं ती पलीकडून ऐकतच होती.

"पदर सरकला तर हात लावायचा नाही," मी सांगितलं. "मान अशी. मानेने सांभाळायचा."

तिने मान तशी केली. बरोब्बर केली. मला जरा चमत्कारिकच वाटलं, कुणीतरी माझी चप्पल घालून पुढे निघून गेल्यासारखं.

पहिली घंटा झाली. ती पडद्याच्या भोकातून बघून आली आणि माझा हात धरून म्हणाली, "ताई, खरी बसली आहे."

"कोण खरी?"

"आत्या."

मी जाऊन पाहिलं. मंडप बायकांनी भरलेला. वर गोणपाटं बांधली होती, त्यांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या पडल्या होत्या. जाजमावर कडेवरची मुलं, वाळ्याचे पंखे, पदराने वारा. आणि सगळ्यांत पुढे, एकुलत्या एका खुर्चीवर, अलवणातली एक म्हातारी. काठीवर हनुवटी टेकवून बसलेली.

"दाजींची मावशी," मागून बापू कुजबुजले. त्यांचा चेहरा पडला होता. "मनुताई म्हणतात. नाटकाला कधी येत नाही म्हणे. जपानीण बघायला म्हणून आलीय."

"बदलायचं का परत?" मी विचारलं.

"आता? हिला त्या पट्ट्यातून सोडवायलाच अर्धा तास लागेल," बापू म्हणाले.

 किनूने रंगमंचाला हात लावून कपाळाला लावला. तेही ती आमच्याकडूनच शिकली होती. दुसरी घंटा झाली.

•

मी प्रवेश केला आणि टाळ्या पडल्या. मी अजून काही केलंच नव्हतं. पंखा तोंडापुढे धरून तुरुतुरु चार पावलं टाकली, तर आणखी टाळ्या. खाली वाकून नमस्कार केला, पट्टा बरगडीत रुतला, तोंडातून "अगं आई" निघालं. ते ऐकून मंडप खूश. "मराठी येतं गं तिला!" कुणीतरी ओरडलं.

मला मजा वाटली. खोटं कशाला सांगू, पहिला अर्धा तास मला फार मजा वाटली. वीस-बावीस वर्षं मी आयांची, सासवांची, आत्यांची कामं करत होते, आणि प्रवेशाला टाळी मला कधी पडली नव्हती.

मग एके ठिकाणी मी वाक्य विसरले. साफ विसरले. हे काम माझं नव्हतंच. मी नुसती उभी राहिले, काहीतरी "का... का..." केलं. कुठल्याही दुसऱ्या प्रयोगात खोकले सुरू झाले असते, मागून कुणी शिटी मारली असती. इथे सगळा मंडप माझ्याकडे मायेने बघत होता.

"किती गोड गं!"

"घाबरली बिचारी."

"असू दे हो, असू दे. सावकाश बोला."

मी तोंडाला येईल ते बोलले. टाळ्या. पुढचं वाक्य मुद्दाम उलटंपालटं केलं. टाळ्या. नंतर मी कामच सोडून दिलं, नुसती उभी राहून हात जोडत राहिले, आणि टाळ्या पडतच राहिल्या. मी पडले असते तरी पडल्या असत्या. अंक संपायच्या आधीच मला अशी मरगळ आली, की विंगेत येऊन मी ट्रंकेवर बसले ती उठवेना.

किनू माझ्यासमोरून गेली. तिच्या प्रवेशाला कुणी टाळी दिली नव्हती. तिच्या एका वाक्यावर दोघीतिघी हसल्या होत्या, एका वाक्यावर कुणीतरी "च् च्" केलं होतं. मुलं रडत होती, बायका आपसांत बोलत होत्या. एक आत्या घरात वावरत होती, एवढंच.

तिचे डोळे चष्म्यामागे लखलखत होते.

•

संहितेत दुसऱ्या अंकाचा शेवट असा आहे :

(हानाको फुलपात्र पुढे करते. आत्या बराच वेळ तिच्याकडे बघते. मग फुलपात्र घेते, मान वर करते आणि वरून पाणी पिते.)

आत्या : गोड आहे गं पाणी तुझ्या हातचं.

(पडदा.)

•

झालं ते असं. मी फुलपात्र पुढे केलं. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी पाहायचे त्याच्या दुप्पट वेळ. मंडपातली बडबड हळूहळू थांबली. तिने हात पुढे केला, मग दुसरा हातही पुढे केला, आणि फुलपात्र दोन्ही हातांत घेतलं. मी मनात म्हटलं, अगं एका हाताने, एका हाताने. तिने ते तोंडापाशी नेलं आणि त्याला ओठ लावले.

ओठ लावून ती पाणी प्यायली. घोट घोट. सगळं.

सोवळ्यातली बाई भांड्याला ओठ लावत नाही. पाणी वरून ओतायचं, तोंड न लावता. आम्ही ते किती वेळा केलं होतं! त्या नाटकात तेवढी एकच गोष्ट चुकून चालण्यासारखी नव्हती.

विंगेत बापूंनी कपाळावर हात मारून घेतल्याचा आवाज मला ऐकू आला.

"अगं ए!" मनुताई खुर्चीतून उठल्या होत्या. काठी उगारलेली. "उष्टं केलंस की ते! ओठ लावलास! अलवण नेसतेस आणि ओठ लावतेस?"

मंडपात एकच गलका झाला.

"खरंच लावला गं!"

"लावू दे की, काय होतंय?"

"काय होतंय म्हणजे? तिच्या हातचं घेतलं ते घेतलं, वर उष्टं?"

"अहो नाटक आहे ते!"

"नाटक असलं म्हणून काय झालं, रीत ती रीत!"

"पिऊ दे तिला! माझी आत्या अशीच मेली वाट बघत..." असं मागून कुणीतरी म्हणालं, आणि तिला कुणीतरी गप्प केलं.

पडदा ओढायचा तो माणूस दोरी धरून तसाच उभा. पडदा पाडायचा की नाही ते त्याला समजेना. मी हातात पंखा घेऊन नुसती उभी. मला वाटलं, आता संपलं. आता ही वाकून माफी मागेल, तिचं ते वाकणं बघून सगळ्यांना कळेल, दाजी पाध्ये पैसे परत मागतील, आणि ही टोकियोला जाईल.

किनू पायरी उतरून पुढच्या कडेपर्यंत आली. वाकून नाही, आत्या चालायची तशीच, एक पाय जरा ओढत. रिकामं फुलपात्र तिच्या हातात होतं. ती मनुताईंच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली,

"तहान लागली होती हो, आक्का. किती वर्षांची, ते विचारू नका."

हे संहितेत नव्हतं. तीन वर्षांत पदरचं एक अक्षर ती रंगमंचावर कधी बोलली नव्हती.

मनुताईंची काठी खाली आली. त्या खुर्चीत बसल्या, आणि बसताना त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढून घेतली. मंडपात कुणीतरी नाक शिंकरलं. टाळ्या पडल्या नाहीत. पडदा पडला, तेव्हाही पडल्या नाहीत.

•

तिसरा अंक आम्ही कसा केला, ते मला आठवत नाही.

•

प्रयोगानंतर दाजी पाध्ये शाल आणि नारळ घेऊन रंगपटात आले, मागे पाच-सहा बायका. शाल माझ्या खांद्यावर पडली. माझ्या कानामागून पांढरा घाम गळत होता.

"आमच्या गावात सातासमुद्रापलीकडून कलावंत येतात, हे आमचं भाग्य," दाजी मला सावकाश, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून सांगत होते. बहिऱ्याशी बोलावं तसे. "तुम्हाला... आमचे... आंबे... आवडले?"

"अरिगातो," मी म्हटलं. म्हणजे धन्यवाद. मला तेवढंच येत होतं.

"बघा! किती नम्र!" दाजी बायकांना म्हणाले.

बापू भिंतीला टेकून उभे होते. त्यांना हसू येत होतं, रडू येत होतं आणि ठसका लागला होता. किनू कोपऱ्यात पाठ करून चष्म्याचा दोरा सोडत होती.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. बायका बाजूला झाल्या. मनुताईंनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या सरळ कोपऱ्यात गेल्या.

"तू गं, इकडे वळ."

किनूने चष्मा पुन्हा डोळ्यांवर धरला आणि वळली.

"कुणाकडची तू?"

"मी लांबची आहे, आजी."

"लांबची म्हणजे? देशावरची?"

"त्याच्याही पलीकडची."

"तरीच. तिकडे सोवळं असंच पातळ." त्यांनी खाली ठेवलेलं फुलपात्र उचललं. माठातलं पाणी घेतलं. "हे बघ. असं धरायचं. मान अशी. आणि धार तुटू द्यायची नाही."

त्यांनी मान वर केली. धार चुकली, पाणी नाकावर सांडलं, हनुवटीवरून अलवणात गेलं. बायका हसल्या. मनुताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की हसू जागच्या जागी विरलं.

"वय झालं," त्या म्हणाल्या. "पण रीत कळली ना?"

"कळली."

"मग चुकलीस कशी? एवढी दोन अंक बरी करत होतीस. चालणं बरं होतं. बोलणं जरा भराभर होतं तुझं, दम घेत जा. आणि ऐन वेळी माती केलीस."

दाजी मध्ये पडले. "मावशी, जाऊ दे. आता त्या जपानी बाई काही कमी का चुकल्या? आपण काही म्हटलं का?"

"त्यांचं काय!" मनुताईंनी काठीने माझ्या दिशेला नुसतं दाखवलं. "त्या पाहुण्या. त्यांना काही येत नसलं तरी चालतं. ही आपल्यातली. हिला चालायचं नाही."

किनू खाली वाकली. जपानी वाकली नाही. गुडघे टेकून दोन्ही हात पुढे नेऊन तिने म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवलं.

"बरं बरं," मनुताई म्हणाल्या. "शिवलीस ना मला. आता आंघोळ आली." आणि निघून गेल्या.

•

खोली रिकामी झाल्यावर किनू ट्रंकेवर बसली. सुरकुत्या ओघळल्या होत्या, पेन्सिलीच्या शिरा मनगटापर्यंत पसरल्या होत्या.

"ताई, मला आज ओरडल्या."

"ओरडल्या नाहीत. झापलं. त्याला झापणं म्हणतात."

"झापलं," ती म्हणाली. मग पुन्हा, चव घेतल्यासारखं, "मला झापलं."

"आणि मला शाल मिळाली. ओझं नुसतं. काढ गं हा पट्टा आधी, जीव चाललाय माझा."

ती सोडत असताना मी विचारलं, "किनू, खरं सांग. मुद्दाम लावलास की चुकून?"

ती गाठीशी झगडत होती.

"चुकून," ती म्हणाली. "दोन्ही हातांनी घेतलं ना, मग पुढचं आपोआप झालं. जपानात आम्ही तसंच पितो. एवढी वर्षं मी काही चुकले की लोक म्हणायचे, जपानी आहे, असू दे. आज मी खरंच जपानी चुकले. पण त्यांनी ती चूक आत्याची धरली." पट्टा सुटला. "माझी नाही धरली."

चादरीपलीकडून बापूंनी घसा खाकरला. "येऊ का?" म्हणून ते आलेच. "काय मग, बाई? माझी अब्रू घालवलीत, वर दाजी म्हणतो पुढच्या वर्षीही या. आता काय ठरलं ते एकदा सांगून टाका. रात्रीच्या प्रयोगाला मन लागायचं नाही माझं."

"रात्री मी हानाको करते," किनू म्हणाली.

"आणि पुढे?"

"पुढच्या नाटकात मला मोलकरीण द्या. मावशी द्या. शेजारीण द्या. दोन वाक्यांची चालेल. पण इथली द्या."

"आणि टोकियो?"

"साडी नेसणाऱ्या त्यांना पुष्कळ मिळतील."

बापू खाली बसले. ट्रंकेच्या दुसऱ्या टोकाला.   बाहेर मंडपातलं जाजम झटकत होते, त्याची धूळ आत येत होती.

•

पुण्याला स्वारगेटवर उतरल्यावर ती म्हणाली, "ताई, आज तुमच्याकडे येऊ?" मी म्हटलं ये. ती आठ महिने राहिली. माझ्या सासूने तिला पुरणपोळी शिकवली आणि तिचे भाऊजी तिच्याकडून जपानी शिव्या शिकले.

बापूंनी तिला मोलकरीण दिली, मग मावशी दिली. तिसऱ्या नाटकापासून जाहिरातीतलं 'जपानी' गेलं. त्या नाटकाला गर्दी कमी होती. एका समीक्षकाने तिचं काम ओढूनताणून केलेलं वाटतं असं छापलं, ते कात्रण तिने माझ्या स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी डिंकाने चिकटवलं. पुढे तिने 'सूर्याकडची सून' जपानीत केलं. ओसाकाला तिचे चार प्रयोग झाले, आत्या तिनेच केली, आणि तिथे मात्र ती न चुकता वरून पाणी प्यायची. ती सांगायची, की लोकांना वाटायचं म्हातारीला घशाचा काहीतरी आजार आहे.

आता माझे गुडघे अजिबात ऐकत नाहीत. ती येते, मला शिंका येईपर्यंत घर झाडते, माझ्या बोलण्यातल्या चुका काढते आणि जाते.

हे मला पुढे कळलं : देवरुखच्या त्या दौऱ्यावर निघायच्या आदल्या दिवशीच, टोकियोच्या तयारीने, किनूने रास्ता पेठेतली खोली सोडली होती. किल्ली घरमालकाला दिली होती, आणि भांडी खालच्या बिऱ्हाडातल्या बाईला.